सलाईन लावणारे हात किती?

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, जगभर परिचारिका दिन साजरा होतो. आपल्याकडील रुग्णालयांतही त्या दिवशी मेणबत्त्या उजळल्या जातात, परिचारिकांच्या हाती गुलाबाचे फूल दिले जाते, त्यांच्या त्यागाचा गौरव करणारी भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर आलेल्या परिचारिकेसमोर मात्र तोच वॉर्ड, त्याच भरलेल्या खाटा आणि त्याच टांगलेल्या बाटल्या असतात. गौरव झाला, पण मदतीला आणखी दोन हात मिळाले का, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. आज आम्ही तोच प्रश्न वाचकांपुढे मांडीत आहोत.

परिचारिकांच्या अपुऱ्या संख्येविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून लिहिले जाते; परंतु ते लिखाण बहुधा संप, वेतन आणि रिक्त पदे यांच्याभोवती फिरते. हे विषय महत्त्वाचे आहेतच. मात्र या तुटवड्याचा रुग्णाच्या देहाशी नेमका संबंध कुठे येतो, हे पाहायचे असेल तर खाटेशेजारच्या लोखंडी स्टॅन्डकडे पाहावे लागेल. शिरेतून औषध वा द्रव देण्याचे काम हे आजच्या वॉर्डातील सर्वांत नित्याचे आणि तरीही सर्वांत जोखमीचे काम आहे. गोळी पोटात गेल्यावर शरीराला काही अवधी मिळतो. शिरेत गेलेले औषध क्षणार्धात हृदयापर्यंत पोहोचते. ते परत घेता येत नाही.

एका बाटलीमागचे काम

"सिस्टर, सलाईन संपली!" ही हाक ज्याने ऐकली नाही असा माणूस विरळा. आपल्या दृष्टीने सलाईन लावणे म्हणजे सुई टोचणे आणि बाटली अडकवणे. वास्तविक त्या एका बाटलीमागे कामांची एक लांबलचक साखळी असते.

प्रथम डॉक्टरांचा आदेश वाचायचा, रुग्णाचे नाव पडताळायचे, औषध आणि त्याची मुदत पाहायची, हात स्वच्छ करायचे. मग योग्य शीर शोधायची. वृद्धांच्या शिरा ठिसूळ असतात, तान्ह्या बाळाच्या हाती लागत नाहीत आणि अतिसाराने शुष्क झालेल्या माणसाच्या तर दिसतच नाहीत. शीर मिळाली की इंट्राकॅथ बसवून चिकटपट्टी लावायची आणि तारीख नोंदवायची. त्यानंतर थेंबांचा हिशेब. ५०० मिलीलीटरची बाटली चार तासांत जायची असेल आणि सेटमधून २० थेंबांना एक मिलीलीटर पडत असेल, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडले पाहिजेत. हे थेंब घड्याळाकडे पाहून मोजावे लागतात. रुग्णाने हात दुमडला, उठून बसला किंवा काळजीपोटी एखाद्या नातेवाइकाने चाक थोडे फिरवले, की सारा हिशेब चुकतो. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णाच्या शरीरात चार तासांचा द्रव एका तासात गेला, तर फुप्फुसांत पाणी साचून त्याला श्वास घेणे कठीण होऊ शकते.

प्रतिजैविकांची गोष्ट याहून नाजूक. एखादे औषध तीन-चार मिनिटांत सावकाश द्यायचे असते, तर व्हँकोमायसिनची एक ग्रॅमची मात्रा निदान एक तास चालवावी लागते. सेफ्ट्रिअॅक्सोन हे आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे औषध रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळायचे नसते, कारण त्या द्रवातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन कण तयार होतात. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. ही सारी सूत्रे परिचारिकेने डोक्यात ठेवायची असतात. तीही रात्री तीन वाजता, पाच जण एकाच वेळी हाका मारीत असताना!

आणि बाटली सुरू झाली म्हणजे काम संपले असेही नाही. सुईची जागा लाल झाली आहे का, हात सुजला आहे का, द्रव शिरेबाहेर पेशींत झिरपत आहे का, हे वरचेवर पाहायला हवे. काही औषधे शिरेबाहेर सांडली तर कातडी आणि मांस जळते. ज्या हाताकडे सहा तास कुणी पाहिले नाही, त्या हाताची किंमत पुढे रुग्णाला मोजावी लागते.

एका रात्रीचा हिशेब

आता आपण एक साधा हिशेब करू या. पुढील आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु ज्यांच्या घरात परिचारिका आहे, त्यांनी ते तिला अवश्य दाखवावेत. हिशेब उदारपणे मांडला आहे, असेच ती म्हणेल.

तीस खाटांचा वॉर्ड. रात्रपाळी आठ ते आठ, म्हणजे बारा तासांची. नोंदणीकृत परिचारिका एक. तीस रुग्णांपैकी सोळांना शिरेतून औषध चालू आहे. प्रत्येकाला रात्री दहा आणि सकाळी सहा अशा दोन मात्रा द्यायच्या, म्हणजे एकूण ३२ मात्रा. पडताळणी, औषध विरघळवणे, नळी धुणे, सावकाश टोचणे आणि नोंद हे सर्व धरून एका मात्रेस आठ मिनिटे लागतात असे मानू. ही झाली २५६ मिनिटे. रात्रभरात दहा बाटल्या बदलायच्या, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे ५० मिनिटे. सोळा जणांच्या सुईची जागा रात्रीतून तीनदा पाहायची, प्रत्येक वेळी दोन मिनिटे, म्हणजे ९६ मिनिटे. तिघांच्या सुया निकामी होऊन नव्याने बसवाव्या लागल्या, प्रत्येकी पंधरा मिनिटे, म्हणजे ४५ मिनिटे. एकूण बेरीज ४४७ मिनिटांची. जवळजवळ साडेसात तास.

बारा तासांतून उरले साधारण साडेचार तास. त्यांत तीस रुग्णांचा ताप, नाडी आणि रक्तदाब पाहायचा, वेदनेने कण्हणाऱ्याची विचारपूस करायची, नवा रुग्ण दाखल करायचा, डॉक्टरांना दूरध्वनी करायचा, कागद भरायचे, पाळी सोपवायची. रुग्णामागे नऊ मिनिटे! या नऊ मिनिटांत तिचे स्वतःचे जेवण धरलेले नाही आणि एकाही रुग्णाची प्रकृती अकस्मात बिघडलेली नाही.

परंतु या हिशेबातील खरी मेख वेगळीच आहे. संपूर्ण रात्रीची सरासरी काढली तर काम कसेबसे बसते. काम मात्र सरासरीने येत नाही. सकाळी सहाच्या सोळा मात्रांना १२८ मिनिटे लागतात, म्हणजे दोन तासांहून अधिक. पहिल्या रुग्णाला पाच वाजता औषध मिळाले तर शेवटच्याला सात वाजून गेल्यावर मिळणार. याच वेळी शस्त्रक्रियेसाठी न्यायच्या रुग्णाची तयारी, रक्ताचे नमुने आणि सकाळच्या नोंदी एकत्र येतात. मग हात धुण्याचे राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे हातांना निर्जंतुक द्रव चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. ३२ मात्रांच्या आधी आणि नंतर मिळून ६४ वेळा हे करायचे म्हटले, तर त्यालाच अर्ध्या तासाच्या आसपास वेळ हवा. आपण निष्काळजीपणा म्हणतो, तो पुष्कळदा मिनिटांचा दुष्काळ असतो.

प्रमाणाचे फसवे आकडे

यावर कुणी म्हणेल, नियम आहेत ना! होय, आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने अध्यापन रुग्णालयांतील सर्वसाधारण वॉर्डासाठी तीन खाटांमागे एक परिचारिका असे प्रमाण सुचविले आहे. ऐकायला ते फार समाधानकारक वाटते. पण त्याच मानकात पुढे स्पष्ट केले आहे की, तीनास एक म्हणजे प्रत्येक पाळीला नऊ खाटांमागे एक. चोवीस तासांच्या तीन पाळ्यांत तीच संख्या विभागली जाते. शिवाय रजेसाठी तीस टक्के अधिक परिचारिका हाताशी असाव्यात, असेही मानक सांगते. हा राखीव भाग वगळला, की नऊचे बारा होतात आणि दोघी आजारी पडल्या की बाराचे वीस.

हेच गणित दुसऱ्या बाजूने पाहा. वॉर्डात एक परिचारिका अहोरात्र, आठवड्याचे सातही दिवस हजर असावी असे वाटत असेल तर आठवड्याचे १६८ तास भरून काढावे लागतात. एकीने आठवड्याला ४८ तास काम केले, तरी साडेतीन जणी लागतात. त्यांत रजेचे तीस टक्के मिळवले तर ही संख्या साडेचारच्या वर जाते. "आमच्याकडे पाच परिचारिका आहेत" असे जेव्हा एखादे व्यवस्थापन अभिमानाने सांगते, तेव्हा त्याचा अर्थ खाटेजवळ कोणत्याही क्षणी जेमतेम एक आहे, असा असतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा करून २००४ पासून किमान प्रमाण बंधनकारक केले. २००५ पासून तेथील सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रुग्ण देता येत नाहीत. हे प्रमाण पाळीचे आहे आणि ते सर्वकाळ लागू आहे. आपल्या मानकातील तीन आणि त्यांच्या कायद्यातील पाच हे आकडे शेजारी ठेवले, तर आपण पुढे असल्याचा भास होतो. कागदावरचा आकडा आणि खाटेजवळचा आकडा यांतील अंतर ते हेच.

यात आणखी एक उणीव आहे. खाटा मोजून परिचारिका नेमणे म्हणजे सर्व खाटा सारख्या मानणे. उद्या घरी जाणारा, गोळ्यांवर असलेला रुग्ण आणि तीन प्रकारची औषधे शिरेतून घेणारा रुग्ण या दोघांनाही आपले कोष्टक 'एक खाट' असेच धरते. काम मात्र एकाचे दहा मिनिटांचे आणि दुसऱ्याचे दोन तासांचे असते.

अभ्यास काय सांगतात?

ही केवळ परिचारिकांची कैफियत नाही; तिला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढत गेला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. पुढे २०१४ साली युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांच्या अभ्यासातूनही सात टक्क्यांचाच निष्कर्ष निघाला.

शिरेतील औषधांविषयी तर ऑस्ट्रेलियातील संशोधन डोळे उघडणारे आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी दोन रुग्णालयांत परिचारिकांच्या शेजारी उभे राहून शिरेतून दिलेल्या ५६८ मात्रांचे निरीक्षण केले. जवळजवळ सत्तर टक्के मात्रांत काही ना काही चूक आढळली आणि या चुकलेल्या मात्रांपैकी सुमारे एक चतुर्थांश गंभीर स्वरूपाच्या होत्या. सर्वाधिक चूक कोणती? औषध चुकीच्या वेगाने, बहुधा घाईने देणे. परिचारिकेच्या अनुभवाचे वर्ष वाढत गेले, तशी पहिल्या सहा वर्षांपर्यंत चुकीची शक्यता कमी होत गेली, असेही त्यात दिसले. याच संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले होते की, औषध देत असताना परिचारिकेला जितक्या वेळा मध्येच थांबवले जाते, तितकी चूक होण्याची शक्यता वाढते; प्रत्येक व्यत्ययामागे साधारण बारा टक्क्यांनी.

हे निष्कर्ष सुसज्ज रुग्णालयांतील आहेत, हे ध्यानी घ्यावे. एका वॉर्डात तीस रुग्ण, प्रत्येकाजवळ दोन नातेवाईक आणि सर्वांच्या हाका एकाच दिशेने, अशा आपल्या स्थितीत काय घडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. आपण चुका मोजत नाही म्हणून त्या घडत नाहीत असे नाही.

हात कमी का पडतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तुटवडा ५८ लाखांचा होता. श्रीमंत देशांना स्वतःच्या वृद्धांसाठी परिचारिका हव्या आहेत आणि त्या भारतासारख्या देशांतून मिळतात. महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. परदेशी जाणाऱ्या मुलीला आम्ही दोष देणार नाही. आईवडिलांनी कर्ज काढून शिकविलेल्या मुलीला येथे हाती पडणारे वेतन आणि तेथे मिळणारा मान यांतील फरक तिला दिसतो. प्रश्न ती का जाते हा नसून, तिला येथे राहावेसे का वाटत नाही, हा आहे.

याचे एक उत्तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले आहे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही मासिक वेतन वीस हजार रुपयांहून कमी नसावे आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी शासकीय वेतनाइतके वेतन द्यावे, अशी शिफारस समितीने केली. केरळने २०१८ साली परिचारिकांचे किमान वेतन वीस हजार रुपये असे अधिसूचित केले; पण तेथेही त्यासाठी परिचारिकांना रस्त्यावर यावे लागले. इतरत्र ही शिफारस बहुतांशी शिफारसच राहिली.

शासकीय रुग्णालयांत वेतन बरे, तर पदे रिकामी. मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी संप पुकारला, तो कंत्राटी पद्धतीच्या भरतीविरुद्ध होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले आणि त्यांत नवजात बालकेही होती. मृत्यूंच्या कारणांविषयी मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर रिक्त पदांचा तपशील मागितला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला आणि १९४७ चा जुना कायदा मागे सारला. नव्या कायद्याचा भर शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचारावर आहे. तोही हवाच. मात्र उत्तम शिकलेल्या परिचारिकेकडे तीस रुग्ण सोपविले, तर तिचे उत्तम शिक्षण काय करणार?

काय करता येईल?

अधिक परिचारिका नेमणे याला पर्याय नाही, हे आम्ही प्रथमच स्पष्ट करतो. तथापि जे हात आहेत, त्यांचा भार आजपासूनच हलका करता येईल.

पहिली गोष्ट, अनावश्यक सलाईन थांबवावी. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा डॉक्टर," ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीलीटर बाटलीत अवघी २५ ग्रॅम साखर असते. शक्ती म्हणावी तर शंभर कॅलरींच्या आतबाहेर. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. जो तोंडाने पेज पिऊ शकतो, त्याला यासाठी सुई टोचून घेण्याचे कारण नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा सलाईनच्या बाटल्या आणि ती लावणारे प्रशिक्षित हात दोन्ही अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले आणि ते नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्यांनी शिकविलेला धडा मात्र आपण पुरता गिरवलेला नाही. रुग्ण गिळू लागला की शिरेतील प्रतिजैविक गोळीवर आणता येईल का, हे डॉक्टरांनी रोजच्या फेरीत विचारावे. प्रत्येक काढलेली सुई परिचारिकेला रात्रीतून काही मिनिटे परत देते आणि रुग्णाची जंतुसंसर्गाची वाट बंद करते.

दुसरी गोष्ट, वेळा विभागाव्यात. सर्वांना सकाळी सहालाच औषध दिले पाहिजे, असे शास्त्र सांगत नाही. ती केवळ सवय आहे. डॉक्टर आणि मेट्रन यांनी बसून निम्म्या रुग्णांच्या वेळा पुढेमागे केल्या, तर तेच काम त्याच हातांना झेपेल. ज्या तासांत गर्दी होते त्या तासांसाठी एक जादा परिचारिका नेमता येईल.

तिसरी गोष्ट, औषध तयार करणाऱ्या परिचारिकेला कुणी हाक मारू नये. हा नियम डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनीही पाळावा. बिले, औषधांच्या चिठ्ठ्या आणि लेखनिकाची कामे तिच्याकडून काढून घ्यावीत.

चौथी गोष्ट, खाटांऐवजी काम मोजावे. प्रत्येक पाळीच्या आरंभी किती रुग्णांना शिरेतून औषध चालू आहे, किती जण अत्यवस्थ आहेत, हे फळ्यावर लिहावे आणि त्यानुसार परिचारिका इकडून तिकडे द्याव्यात. यासाठी संगणकही लागत नाही. मोठ्या रुग्णालयांनी सुया बसविण्यात वाकबगार अशा दोघीतिघींचा स्वतंत्र गट ठेवावा. विद्यार्थिनींना मात्र या संख्येत धरू नये. त्या शिकायला आलेल्या असतात. त्यांच्या खांद्यावर वॉर्ड टाकणे हा त्यांच्यावरही अन्याय आणि रुग्णावरही.

येथे एका सावधगिरीचा उल्लेख करावासा वाटतो. सुई दर तीन दिवसांनी बदललीच पाहिजे असे नाही, गरज भासेल तेव्हा बदलली तरी चालते, असे ऑस्ट्रेलियातील २०१२ च्या मोठ्या अभ्यासात आढळले. काम वाचविणारा हा बदल अनेकांनी स्वीकारला. परंतु जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी तो अमलात आणला, तेव्हा रक्तातील संसर्ग वाढल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले आणि त्यांनी पूर्वीची पद्धत पुन्हा सुरू केली. काम कमी करणारी प्रत्येक युक्ती रुग्णाच्या हाताकडे पाहणारा डोळा गृहीत धरते. तो डोळाच नसेल, तर युक्ती उलटते. यंत्राचेही तसेच. थेंब मोजणारे पंप उपयुक्त आहेत; मात्र त्यांचा गजर ऐकून धावणारी परिचारिका हवीच.

आपल्या अंगणात

शासनाला उपदेश करणे सोपे असते. म्हणून शेवटी आपल्याच अंगणात डोकावू या. भारतातील कॅथोलिक आरोग्य संस्थांच्या संघटनेची स्थापना १९४३ साली धर्मभगिनी डॉ. मेरी ग्लौरी यांच्या पुढाकाराने झाली आणि खेडोपाडी आरोग्यसेवा नेण्यात या संस्थांचा वाटा मोठा आहे. तथापि 'सेवा' या पवित्र शब्दाच्या आडून कमी वेतन आणि अधिक पाळ्या लादल्या जात असतील, तर ते आपल्या श्रद्धेला शोभणारे नाही. धर्मभगिनींनी व्रत म्हणून स्वीकारलेला त्याग पगारी परिचारिकेकडून गृहीत धरता येत नाही. तिला घर आहे, मुले आहेत, पहाटेची लोकल पकडायची आहे. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात जखमा बांधणे आपल्या लक्षात राहते. त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हातावर पैसे ठेवले आणि अधिक लागले तर तेही देईन असे सांगितले, हे मात्र आपण विसरतो. शुश्रूषेला खर्च येतो आणि तो कुणीतरी प्रामाणिकपणे उचलावा लागतो.

आपल्या संस्थांनी एक छोटा आरंभ करावा, असे आम्ही सुचवितो. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर त्या पाळीला रुग्ण किती आणि नोंदणीकृत परिचारिका किती, हे दोन आकडे लिहावेत. लपवण्याजोगे काही नसेल, तर लिहिण्यास अडचण नसावी. आणि लिहिताना संकोच वाटला, तर त्या संकोचातूनच सुधारणेची वाट निघेल.

आणि आपण, रुग्णाचे नातेवाईक? आपणही तीन गोष्टी करू शकतो. विनाकारण सलाईनचा आग्रह धरू नये. थेंबांचे चाक स्वतः फिरवू नये. सुईजवळ लाली, सूज वा दुखणे दिसले तर मात्र संकोच न करता लगेच सांगावे, कारण तो डोळा आपण निश्चित होऊ शकतो. बाटली संपल्यावर सिस्टर धावत का आली नाही म्हणून संतापण्यापूर्वी एकदा वॉर्डभर नजर टाकावी आणि टांगलेल्या बाटल्या मोजाव्यात. नंतर त्या लावणारे हात मोजावेत. दोन संख्यांतील तफावत पाहून येणारा संताप त्या थकलेल्या भगिनीवर न काढता, ज्यांनी पदे भरायची आहेत त्यांच्या दारी न्यावा. येत्या १२ मे रोजी तिला फूल अवश्य द्यावे. पण त्याबरोबर तिच्या पाळीला आणखी एक सहकारी मिळावी, यासाठी एक अर्जही लिहावा.